अमळनेर ते म्हैसूर: विमानात पहिल्यांदा, तेही एकटीने

बोरीकाठची
नमस्कार मंडळी. वाचक बऱ्याच वर्षांची, लिहायला आज पहिल्यांदाच बसले. मी अमळनेरची. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, सोबत पीएच.डी. रडतखडत चालू आहे. अहिराणीतल्या नात्यांच्या शब्दांवरचा माझा निबंध म्हैसूरच्या एका परिषदेत स्वीकारला गेलाय. पंधरा मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं प्रश्न. आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी घरात बैठक बसली.

मी आजवर विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलंय. घरात कुणीच कधी बसलेलं नाही. एकटीने सगळ्यात लांब गेले ती पुण्यापर्यंत, तिथेही आतेभाऊ स्टेशनवर घ्यायला उभा होता. रेल्वेने जाता येईल, पण जाण्यायेण्यात चार दिवस मोडतात. तासिकावाल्याला रजा नसते, तास बुडाला की त्या तासाचे पैसे बुडाले. म्हणून विमान. आयोजक संशोधक विद्यार्थ्यांना ठरावीक रकमेपर्यंत प्रवासखर्च देणार आहेत, पण तो नंतर.

आजीने ऐकल्याबरोबर विचारलं, "येकली जाशी? तुन्हासंगे कोन शे?" कोणी नही म्हटल्यावर जरा थांबली आणि म्हणाली, "आनि इमान पडनं तं?" आईला विमानाची भीती नाही, तिला मुंबईची आहे. पहाटे बोरिवलीला उतरून एकटी पोरगी कुठे जाणार, हे तिचं म्हणणं. वडील म्हणतात भावाला ने. भाऊ बारावीला आहे आणि त्याला म्हैसूरचा राजवाडा बघायचाय, एवढ्या एकाच कारणाने तो तयार आहे.

तर मंडळी, अमळनेरहून कुठलं विमानतळ धरू? आत गेल्यावर काय काय करायचं असतं? आणि भावाला न्यावं का? हसू नका फक्त.

पांझराकर
हसणार कोण ताई? मी पहिल्यांदा बसलो तेव्हा 41 वर्षांचा होतो आणि माझा सीटबेल्ट शेजारच्या शाळकरी पोराने लावून दिला होता. त्याला वाटलं असेल काका गंमत करताहेत.

भुसावळ_आउटर
भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेसने सरळ बंगळूर. विमानाच्या भाड्यात चौघं जाऊन येतील.

बोरीकाठची
दादा, वर लिहिलंय की. तास बुडतात. शिवाय प्रतीक्षा यादी बघा एकदा, माझा नंबर लागेपर्यंत परिषद पुढच्या वर्षाची येईल.

धुळे_ते_पुणे
मी तरी म्हणेन पहिल्या वेळी कुणीतरी सोबत असावं. यात कमीपणा काही नाही. घरच्यांच्या जिवाला घोर लावून जायचं, मग तिथे दर तासाला फोन उचलत बसायचं, त्यापेक्षा भावाचं तिकीट काढलेलं बरं.

खापरपोळी
धुळे_ते_पुणे, तुमचं मन मोडत नाही, पण माझं ऐका. 2011 साली मी दिल्लीला अशाच एका परिषदेला गेले होते. नवरा सोबत आला. बिचारा दिवसभर व्हरांड्यात पेपर वाचत बसायचा आणि जेवणाची सुट्टी झाली की मी धावत त्याच्याकडे. का तर तो एकटा आहे. तीन दिवसांत मी एका माणसाशी धड बोलले नाही. परत आल्यावर गाइड मॅडमनी विचारलं, कोण कोण भेटलं? सांगायला एक नाव नव्हतं. बोरीकाठची, निबंध तर तू वाचशीलच. परिषदेचं खरं काम जेवणाच्या रांगेत ताट हातात धरून होतं, आणि त्या रांगेत भाऊ सोबत असला की तू भावाशीच बोलणार.

बारावीच्या पोराला राजवाडा उन्हाळ्यात दाखव.

पांझराकर
+1. आणि तो बारावीला आहे हो! त्याला कुठे नेता.

जळगाव_खेडी
मार्गाचं मी सांगतो. आपल्या जळगावला विमानतळ आहे, लोक विसरतात. 2012 मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताईंच्या हस्ते उद्घाटन झालं, पण उडान योजनेतलं प्रवासी विमान यायला 2017 चा डिसेंबर उजाडला. मग बंद, मग चालू, मग परत बंद. 2024 पासून गोवा, हैदराबाद, पुणे अशी छोटी एटीआर विमानं सुरू झाली. पंख्याचं विमान असतं, सत्तरेक माणसांचं. वार बघून घ्यायचे, रोज असेलच असं धरून चालायचं नाही. इथून पुणे आणि पुण्याहून बंगळूर. अमळनेरहून जळगाव तास-दीड तास. बघ पटतंय का.

ताप्ती_लाइन
पटवून घेण्याआधी एक गोष्ट. ही दोन वेगळी तिकिटं होतात, दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळे पीएनआर. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही सोयरसुतक नसतं. एकाच तिकिटावर दोन टप्पे असतील तर पुढची सोय लावणं कंपनीवर येतं. वेगळ्या तिकिटांवर तू त्यांच्या लेखी फक्त न आलेली प्रवासी. सामानही पुण्याला पट्ट्यावरून उचलायचं, बाहेर यायचं आणि नव्याने जमा करायचं. माझं असं एक विमान चुकलंय. कंपनीचं नाव सांगत नाही, पण काउंटरवरच्या मुलीने इतक्या गोड आवाजात "नो शो" म्हटलं की मी आधी थँक्यू म्हणालो.

दोन्हींमध्ये पाच-सहा तास ठेवता येत असतील तरच हा मार्ग धर.

जळगाव_खेडी
मान्य. पाच तासांचं मी सांगायला हवं होतं.

निवृत्त_मास्तर
संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळही आहे. पण औट्रम घाटात ट्रक आडवा झाला तर विमान जाईल आणि तुम्ही कन्नडच्या अलीकडे भजी खात बसाल. हे अनुभवाचे बोल नाहीत, आमच्या जावयाचे आहेत.

उधना_वाला
सगळे मुंबई-पुणे करताय, पण खान्देशची माणसं आजारपणाला, कापडाला, कामाला जातात कुठे? सुरतला! तिथे विमानतळ नाही का? ताई, ताप्ती लाइनवर तुमचं स्टेशन आहे. अमळनेरहून गाडीत बसलं की नंदुरबार, नवापूर करत चार-साडेचार तासांत सुरत. बंगळूरला थेट विमानं असतात, तारखेनुसार दर बघून घ्या. विमानतळ मगदल्ला-डुमसच्या बाजूला, स्टेशनपासून रिक्षाने जाता येतं. मुंबईसारखा टी-वन की टी-टू हा घोळ नाही. आणि उधना-लिंबायतमध्ये तर अर्धा खान्देश राहतो. नात्यातलं कुणी ना कुणी असेलच तिथे.

बोरीकाठची
थांबा! माझी सख्खी मावशी उधन्याला राहते! वीस वर्षं झाली. आम्ही दर उन्हाळ्यात तिच्याकडे जातो आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. आईला आत्ताच सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "मंग आधी का नही सांगं?" जणू मी लपवून ठेवलं होतं.

मुंबईत_रुजलेला
तो टी-वन टी-टूचा घोळ आमचाच. सांताक्रूझ-पार्ल्याकडे टी-वन, अंधेरीला सहारकडे टी-टू, आणि तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी एकदा चुकीच्या दारावर उभा राहून जवानाशी हुज्जत घातली होती. त्यानेच तिकिटावर बोट ठेवून दाखवलं. असो. सुरत ठरली ते उत्तम.

बोरीकाठची
तिकीट काढलं. सुरत-बंगळूर, थेट, सकाळचं. आदल्या दिवशी मावशीकडे मुक्काम. भाऊ नाही येत, रुसलाय. आता आतलं सांगा. आणि बंगळूरहून म्हैसूर?

खापरपोळी
बंगळूरचं विमानतळ शहराच्या बरंच बाहेर, देवनहळ्ळीला आहे. शहरात शिरूच नकोस. विमानतळाच्या दारातून कर्नाटक एसटीची फ्लायबस थेट म्हैसूरला जाते. साधारण चार तास धर. वातानुकूलित असते, शाल हाताशी ठेव. सकाळचं विमान घेतलंस ते बरं केलंस, उजेडात पोचशील.

आतलं क्रमाने सांगते. दारावर जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. मोबाइलवर दाखवलं तरी चालतं, पण बॅटरीचा भरवसा नाही म्हणून कागद ठेव. मग कंपनीचं काउंटर, तिथे मोठी बॅग जमा. देशातल्या प्रवासात साधारण 15 किलोपर्यंत मोठी आणि 7 किलोची हातातली, तरी तिकिटावर वाचून घे. काउंटर बहुतेक ठिकाणी एक तास आधी बंद होतं, म्हणून दोन तास आधी पोच. मग सुरक्षा तपासणी. लॅपटॉप, मोबाइल, चार्जर ट्रेमध्ये वेगळे. बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते. मग गेट. तेही सुटण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं बंद होतं, तेव्हा पुस्तकांच्या दुकानात रमू नकोस.

घरून ऑनलाइन चेक-इन करताना जागा निवडायला लावून पैसे मागतात. जागा न निवडता पुढे जाता येतं, फक्त ते बटण असं दडवलेलं असतं की शोधावं लागतं. खिडकी हवी असेल तर दे बापडी पैसे. पहिल्यांदाच बसतेयस.

ताप्ती_लाइन
नावाचं बघ. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं आणि आधारवर मागे. परिषदेच्या नोंदणीत तू गुणपत्रिकेप्रमाणे लिहिलं असशील. तिथे चालेल, तिकिटावर मात्र आधारसारखंच हवं.

बोरीकाठची
बघितलं. तिकिटावर बरोबर आहे. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र आडनाव पुढे आलंय, त्यामुळे मी आता तिकडे एखादे गुजराती शेठ वाटते.

पांझराकर
खायचं काय नेणार ते सांग. खरा प्रश्न तो.

बोरीकाठची
आईची यादी: कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, बिबड्या, काळा मसाला (का? ते तिलाच माहीत), आणि ओटीचा नारळ.

ताप्ती_लाइन
भाकरी, चटणी, बिबड्या खुशाल हातात ने. लोणचं आणि मसाला हातातल्या पिशवीत अडतात. मोठ्या बॅगेत घट्ट बांधून टाक, नाहीतर सरळ घरी ठेव. लोणच्याचं तेल निबंधाला लागलं तर सत्राध्यक्ष भुकेने व्याकुळ होतील. नारळ हातात नेऊ देत नाहीत. 2022 मध्ये शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला (डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला) नारळ सोबत नेता यावा म्हणून त्या हंगामापुरती खास सवलत द्यावी लागली होती, यावरून एरवीचं काय ते समज. सुक्या खोबऱ्याचं तर त्याहून अवघड. ते हातातही नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. खोबऱ्यात तेल भरपूर, साठा असला की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात धरलंय. घरात खोबऱ्याची वाटी देवाजवळ असते, विमानात ती स्फोटकांच्या शेजारी.

पॉवर बँक याच्या बरोबर उलट, ती हातातच ठेवायची. मोठ्या बॅगेत टाकली तर बॅग उघडायला बोलावतील.

निवृत्त_मास्तर
मुली, थोडं निबंधाचंही बोलू. सादरीकरण देवनागरीत आहे ना? तिथल्या संगणकावर तुझा फाँट नसेल तर पडद्यावर चौकोनच्या चौकोन दिसतील. आमच्या काळी कृतिदेव आणि श्रीलिपीने भल्याभल्यांची फजिती केली. युनिकोडमध्ये कर, पीडीएफ काढ, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक स्वतःलाच ईमेल. उच्चारचिन्हं वापरली असशील तर ती पीडीएफ दुसऱ्या कुणाच्या संगणकावर आधी उघडून बघ.

आणि "ही मराठीचीच बोली ना?" हा प्रश्न येणारच. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात (लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया) खान्देशीला मराठीच्या नव्हे तर भिली भाषांच्या खंडात ठेवलं, 9व्या खंडाचा तिसरा भाग, 1907. ते बरोबर की चूक यावर वाद घाल, पण माहीत असू दे. 2011 च्या जनगणनेत खान्देशी भाषक, म्हणजे अहिराणी वगैरे धरून, 18 लाखांच्या वर आहेत. हा आकडा पाठ कर. आकडा सांगितला की माणसं वहीत लिहितात, आणि लिहिताना प्रश्न विचारत नाहीत.

म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान आहे, 1969 पासून. अर्धा दिवस काढून बघून ये.

बोरीकाठची
सर, हे सोनं आहे. आकडा पाठ केला. एक बावळट प्रश्न: कान दुखतात म्हणे?

खापरपोळी
दडे बसतात. विमानातली हवा साधारण 6000 ते 8000 फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते, म्हणजे तोरणमाळच्या जवळजवळ दुप्पट उंची, आणि तू तिथे अर्ध्या तासात चढतेस-उतरतेस. कानाच्या पडद्याआडची हवा नाका-घशाकडच्या नळीतून ये-जा करते, तिला वेळ लागतो. गिळलं, जांभई दिली की नळी उघडते. बडीशेप चघळत बस. उतरताना जास्त जाणवतं, तेव्हा झोपू नकोस. सर्दी झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

उधना_वाला
ताई, एक शेवटचं. प्रवासखर्च मिळणार आहे ना? मग बोर्डिंग पास सांभाळा. दोन्हीकडचे. मोबाइलवर पास घेऊ नका, काउंटरवर छापून घ्या. हिशेबवाल्यांना विमानाचं तिकीट दाखवलं तर म्हणतात, तुम्ही बसलात कशावरून?

बोरीकाठची
हो, तशी सूचना आलीच आहे. मूळ पास पोस्टाने पाठवायचे. चला, परवा निघते. रात्री झोप नाही.

पांझराकर
जा माय, जाई ये. आम्ही इथेच आहोत.

बोरीकाठची
(बारा दिवसांनी)

आले. सगळ्यांना एकदमच सांगते.

सुरतला मावशी आणि काका दोघं सोडायला आले. काका दारावरच्या जवानाला म्हणाले, पोरगी पहिल्यांदा चालली आहे, जरा बघा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याने खरंच आतल्या माणसाला सांगितलं आणि तो मला काउंटरपर्यंत दाखवायला आला. त्यानंतर मी लाज सोडली. दिसेल त्याला विचारत गेले: पहिल्यांदा आलेय, इथून पुढे कुठे? एकही माणूस हसला नाही.

तपासणीत पिशवी अडकली. मी तर काहीच ठेवलं नव्हतं. बाई जवान पिशवी उपसते, उपसते, आणि शालीच्या घडीतून निघाली खोबऱ्याची अर्धी वाटी, आत गुळाचा खडा. मी नियम आईला समजावले होते. आजीला सांगायचं राहून गेलं होतं! ती बाई म्हणाली, "गुड रख लो, नारियल निकालो." गूळ मी तिथेच तोंडात टाकला.

विमान वर उठताना पोटात जे होतं त्याला आपल्याकडे शब्द नाही. जत्रेतल्या पाळण्यासारखं म्हणावं तर पाळणा खाली येतो. शेजारी एक हिऱ्याच्या कारखान्यातले काका होते, ते आधीच घोरत होते. खिडकीचे पैसे दिले होते, म्हणून सगळा वेळ मान वाकडी करून बघितलं. ढग वरून नांगरलेल्या शेतासारखे दिसतात, हे कुणी का सांगितलं नव्हतं? उतरताना बडीशेप खाल्ली, डावा कान तरीही संध्याकाळपर्यंत बंद होता.

फ्लायबस मिळाली. शाल लागली.

निबंध दुसऱ्या दिवशी होता. सत्राध्यक्षांनी आडनावानेच हाक मारली, मी क्षणभर इकडेतिकडे बघितलं. बारा मिनिटांत संपलं, मी फारच घाईत बोलले. प्रश्न तोच आला, अगदी त्याच शब्दांत. मी ग्रिअर्सन सांगितला, आकडा सांगितला, आणि सर, दोन माणसांनी खरंच वहीत लिहिलं. पण तिसऱ्या बाई म्हणाल्या, "लोकसंख्येवरून भाषा ठरते का?" त्यावर मी काहीतरी पुटपुटले. ते अजून डोक्यात आहे. प्रबंधात त्याचं नीट उत्तर द्यावं लागणार.

पहिल्या दिवशी जेवणाच्या रांगेत मी एकटीच होते. भिंतीकडे तोंड करून सांबार-भात खाल्ला, खापरपोळी ताई, कबूल करते. दुसऱ्या दिवशी बिबड्या काढल्या. कागदाची पुडी उघडून ठेवली आणि शेजारच्या मुलीला म्हटलं, घे. ती तुळू भाषेवर काम करते, मंगळूरची. तिने "आंडोर-आंडेर" (मुलगा-मुलगी) वहीत उतरवून घेतलं आणि मामेबहिणीला तुमच्याकडे वेगळा शब्द आहे का म्हणून विचारलं. मग दोघीतिघी आणखी आल्या. बिबड्या दहा मिनिटांत संपल्या, आमचं बोलणं सत्राची घंटा वाजेपर्यंत चाललं. तिच्याकडून दोन लेख आलेत ईमेलवर, कालपासून वाचतेय.

संस्थानही बघितलं. राजवाड्याची रोषणाई रविवारी संध्याकाळी असते, तेव्हा मी परतीच्या विमानात होते. भावाला हे कळल्यावर त्याचा रुसवा गेला.

धुळे_ते_पुणे
वाचून बरं वाटलं. मी चुकलो होतो असं म्हणत नाही, पण पुढच्या वेळी सोबतीचा सल्ला देणार नाही.

खापरपोळी
भिंतीकडे तोंड करून सगळ्यांनीच खाल्लंय गं. मी पाच वर्षं खाल्लं.

उधना_वाला
बोर्डिंग पास पाठवले का?

बोरीकाठची
जातानाचा पाठवायला तयार आहे. येतानाचा आजीकडे आहे. आल्या दिवशी तिने हातात घेतला, "ह्या कागदवर बशी उनी?" म्हणाली आणि कमरेच्या पिशवीत टाकला. तेव्हापासून गल्लीत दाखवते आहे. मागितला तर म्हणते, तुन्हा कामना तो दुसरा शे ना.

ताप्ती_लाइन
झेरॉक्स काढून आजीला दे, मूळ पाठव.

बोरीकाठची
दिली होती. ती म्हणाली, ह्या काळापांढरा शे.

पांझराकर
रंगीत काढ.